सोलापुरातल्या छोट्या धंद्यासाठी परवडणारा ईमेल सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉवेल-चादरीचे कारखानदार, युनिफॉर्म शिवणारे, चाटी गल्लीतले कापडवाले, ट्रान्सपोर्ट, दवाखाने, सीएंची ऑफिसं. दोन ते पंचवीस माणसांच्या अशा धंद्यांत मेलबद्दल जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे घेतले आहेत. रुपयांचे आकडे अंदाजाचे आहेत. दर हलत असतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी कंपनीच्या पानावर आजचा भाव बघा.

आमचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. मेल हवाच कशाला?

चालत असेल तर चालू द्या. मार्केट यार्डातल्या आडत दुकानाला मेलवर महिना शंभर रुपये घालायचीही गरज नाही. जीएसटीचे आणि बँकेचे निरोप यायला एक साधं खातं पुरतं.

पार्टी गावाबाहेरची झाली की चित्र बदलतं. हैदराबादचा घाऊक व्यापारी, दुबईचा इम्पोर्टर, हॉस्पिटलचं बेडशीटचं टेंडर, जीईएमवरची सरकारी खरेदी: इथे पीओ, प्रोफॉर्मा आणि बँकेचे कागद मेलनेच फिरतात. शिवाय व्हॉट्सॲपवरची ऑर्डर सेल्समनच्या फोनात असते. तो सोडून गेला की कोणाला काय भाव दिला होता, कोणत्या पार्टीला किती दिवसांची उधारी कबूल केली होती, सगळं त्याच्या खिशातून जातं. मेलबॉक्स मात्र फर्मचा राहतो.

पैशावरून वाद झालाच तर दोन्ही गोष्टी पुरावा म्हणून मांडता येतात. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. पण तीन वर्षांपूर्वीचा एक मेल तारखेसह काढणं आणि तीन वर्षांचं चॅट वर सरकवत बसणं, यातलं सोपं काय ते सांगायला नको.

जीमेलचं फुकटचं खातं आहे की! त्यानं काय बिघडतं?

एकट्याच्या धंद्याला फारसं काही बिघडत नाही. अडचण येते ती मालकीची. ते खातं ज्याच्या मोबाइलवर उघडलं, त्याचंच ते असतं. पासवर्ड विसरला तर ओटीपी त्या जुन्या नंबरवर जातो, आणि तो नंबर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो. हे इतक्या ठिकाणी दिसतं की आता नवल वाटत नाही.

बाकी मर्यादाही आहेत. १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल पाठवता येतो. आणि तुमच्या फर्मच्या नावापुढे एखादा आकडा जोडून तसंच दुसरं खातं कोणीही पाच मिनिटांत काढू शकतो. समोरच्या पार्टीला त्यातला खरा कोणता, हे कळायला काही मार्ग नसतो.

डोमेन कोणतं घ्यावं आणि कोणाच्या नावावर?

डोमेन म्हणजे मेल पत्त्यात @ नंतर येणारं तुमच्या फर्मचं नाव. कोणतं, हा प्रश्न सोपा आहे. डॉट इन किंवा डॉट कॉम, फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता येईल असं छोटं नाव. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर पडतं. पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत देणारे असतात, पण बघायचा तो दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा भाव.

कोणाच्या नावावर, इथे खरी मेख आहे आणि हे पान वाचून एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा. मेलची सेवा आज एकाकडून, उद्या दुसऱ्याकडून घेता येते. डोमेन हातातून गेलं तर व्हिजिटिंग कार्डं, बिलबुकं, बॉक्सवरचं छापील, जीएसटीला दिलेला पत्ता, सगळं गेलं. डोमेन हा सात-बारा आहे, मेल कंपनी नुसती कूळ. आणि आपल्याकडे सर्रास काय होतं? वेबसाइट करून देणारा पोरगा डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतो. फसवायचं म्हणून नव्हे, त्याला तेच सोयीचं पडतं. मग तो पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो, नूतनीकरणाची तारीख निघून जाते आणि एका सकाळी मेल येणं बंद होतं.

आजच तपासा. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, साइटचं लॉगिन तुमच्याकडे आहे का? नोंदणीत मालक म्हणून फर्मचं किंवा तुमचं नाव आहे का? आणि ज्यावर कुणाचं सहसा लक्ष नसतं ते: नोंदणीला दिलेला मेल पत्ता त्याच डोमेनवरचा तर नाही ना? तसा असेल तर डोमेनची मुदत संपल्यावर पासवर्ड बदलायचा मेलसुद्धा त्या बंद पडलेल्या पत्त्यावरच जाणार. तिथे वेगळं खातं द्या.

पैसे आपोआप कापले जातील या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आवर्ती पेमेंटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. तेव्हापासून परदेशी कंपन्यांच्या ऑटो-डेबिटवर विसंबणं धोक्याचं झालं आहे. नाव एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येतं. तीन-पाच वर्षांचं घ्या आणि तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ईमेल सर्व्हर म्हणजे ऑफिसात ठेवायचं मशीन ना?

तसं मशीन ठेवता येतं. पण आज 'सर्व्हर घ्यायचाय' असं म्हणणाऱ्या बहुतेकांना हवी असते ती मेलची सेवा. रस्ते चार आहेत: स्वतःच्या ऑफिसात मशीन, भाड्याच्या व्हीपीएसवर (दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधल्या आभासी मशीनवर) स्वतः उभारलेला सर्व्हर, वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर येणारा मेल, आणि माणशी महिन्याला पैसे घेणारी तयार सेवा. पंचवीस माणसांपर्यंतच्या धंद्याला आमचं उत्तर चौथा रस्ता. का, ते पुढच्या उत्तरांत येईल.

जुना पीसी पडून आहे. त्यावर लिनक्स टाकून मेल सर्व्हर नाही का होणार?

होतो. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, दणकट आहेत, आणि जगातले कितीतरी मोठे सर्व्हर त्यांच्यावर चालतात. सोलापूर ते सोलापूर मेल त्याच दिवशी जाईलही. पण तुमचा मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडेल की नाही, हे तुमच्या मशीनवर कमी आणि तुमच्या इंटरनेट लाइनवर जास्त ठरतं.

मेल सर्व्हर एकमेकांशी पोर्ट २५ वरून, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या वाटेवरून, बोलतात. साध्या ब्रॉडबँडवर हे पोर्ट अनेकदा बंद असतं, कारण व्हायरस लागलेले घरगुती पीसी त्याच वाटेने स्पॅम ओततात. पोर्ट उघडं मिळालं तरी आयपी, म्हणजे तुमच्या लाइनचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता, बदलता असतो. स्थिर आयपी घ्यायचा तर वेगळे पैसे. तो घेतल्यावर त्या आयपीची उलटी नोंद, म्हणजे आकड्यावरून नाव सांगणारा पीटीआर, तुमच्या सर्व्हरच्या नावाशी जुळवून द्यावी लागते. ती तुमच्या हातात नसते, इंटरनेट कंपनीला करून द्यावी लागते आणि कस्टमर केअरवर फोन उचलणाऱ्याला पीटीआर म्हणजे काय हे समजावण्यातच दुपार जाते. त्यातही स्पॅमहाऊसची पीबीएल नावाची यादी आहे. जिथून थेट मेल यायलाच नको अशा घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे तिच्यात असतात. त्या पट्ट्यात असाल तर निम्मं जग तुमचा मेल दारातूनच परत पाठवतं.

वरून लाइट, यूपीएसची बॅटरी, उन्हाळ्यात बंद खोलीतलं चाळीस अंशाच्या वरचं तापमान. शिकायची हौस असेल तर जरूर करा, फार शिकायला मिळतं. पण धंद्याच्या पत्त्यावर करू नका.

मग व्हीपीएस? महिना हजारात पन्नास मेलबॉक्स, असं कोणी म्हणत होतं.

हिशोब कागदावर बरोबर आहे. मेलकाउ, आयरेडमेल, मेल-इन-अ-बॉक्स या मेल सर्व्हरच्या तयार सॉफ्टवेअर संचांनी उभारणी खरंच सोपी केली आहे. तीस-चाळीस मेलबॉक्स असतील आणि लिनक्स येणारा माणूस पगारावर असेल तर हा रस्ता स्वस्त पडू शकतो.

तरी तीन गोष्टी आधी बघा. एकट्या मेलकाउला किमान ६ जीबी रॅम लागते, म्हणजे सगळ्यात स्वस्त व्हीपीएसवर ते बसतच नाही. दुसरं, ॲमेझॉन, गूगल क्लाउड आणि डिजिटलओशन यांच्याकडे बाहेर जाणारं पोर्ट २५ सुरुवातीला बंदच असतं. तिसरं, मिळालेला आयपी आधी कोणी वापरला होता, हे घेताना कळत नाही. त्यानं स्पॅम केलं असेल तर बदनामी तुमच्या गळ्यात पडते आणि धुऊन निघायला आठवडे जातात.

कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि हॅकिंगसारखा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. शनिवारी रात्री अकरा वाजता सर्व्हर पडला तर उठून बसणार कोण, याचं उत्तर एका माणसाच्या नावाने देता येत असेल तरच पुढे जा.

मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर ऑफिसात बसवलेल्या जुन्या कंपन्याही आहेत. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अजून त्यावरच असाल तर हा प्रश्न पुढच्या वर्षावर टाकू नका.

वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मेल फुकट मिळतो. तोच वापरला तर?

कमी मेल असतील तर चालतो. दिवसाला दहा-पंधरा मेल, बहुतेक येणारेच, असा धंदा त्यावर वर्षानुवर्षं निघतो.

पण एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइटी असतात आणि बाहेर जाणारा आयपी सगळ्यांचा एकच. शेजारच्या कोणाची साइट हॅक होऊन तिथून स्पॅम सुटलं की तुमचं कोटेशनही अडकतं. अशी तक्रार केली की होस्टिंगवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, 'आमच्या बाजूने सगळं ठीक आहे.' जागेचीही गोची आहे: मेल, वेबसाइट आणि तिचा बॅकअप एकाच कोट्यातून खातात. कोटा भरला की मेल परत जायला लागतो आणि ते तुम्हाला कळतं पार्टीचा फोन आल्यावर.

झोहो, गूगल, मायक्रोसॉफ्ट. यातलं आम्हाला कोणतं?

नुसता मेल हवा असेल तर झोहो. चेन्नईची कंपनी, १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट नावाने सुरू झालेली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे मेलही आता त्यांच्याच यंत्रणेवर आहेत. त्यांचा सगळ्यात खालचा पैशाचा प्लॅन महिन्याला माणशी शंभराच्या आत बसतो. एक फुकटचा प्लॅनही आहे: एक डोमेन, पाच माणसं, प्रत्येकी ५ जीबी. दरांच्या पानावर तो ठळक दिसत नाही, शोधावा लागतो. त्यात आयमॅप नाही, म्हणजे आउटलुक किंवा थंडरबर्ड जोडता येत नाही. ब्राउझरमध्ये आणि त्यांच्या मोबाइल ॲपमध्येच मेल बघायचा. नव्या धंद्याला पहिलं वर्ष काढायला हे झकास आहे.

गूगल वर्कस्पेस घ्यावं ते स्टाफला जीमेलची सवय आहे म्हणून, आणि ऑफिसात शीट्स, ड्राइव्ह, मीट रोज वापरात असेल तर. सुरुवातीच्या प्लॅनला माणशी ३० जीबी मिळते. एक्सेलशिवाय पान हलत नसेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ बघा, पण एक लक्षात ठेवा: त्यांच्या बेसिक प्लॅनमध्ये एक्सेल-वर्ड फक्त ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर चालतं. पीसीवर इन्स्टॉल होणारं हवं असेल तर वरचा, महाग प्लॅन. हे न विचारता घेऊन नंतर डोक्याला हात लावणारे पुष्कळ. दोघांचे खालचे प्लॅन साधारण दीडशे ते तीनशेच्या दरम्यान फिरतात.

सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी वरून. नोंदणीत तुमचा जीएसटी नंबर भरलात तर क्रेडिट मिळतं. कॉम्पोझिशनमध्ये असाल तर तो खर्चच धरा.

किती मेलबॉक्स घ्यावेत?

पैसे वाचतात ते इथे. कंपनी बदलून माणशी वीस रुपये वाचवण्यापेक्षा नको असलेले मेलबॉक्स न घेणं केव्हाही फायद्याचं.

पैसे माणसाचे लागतात, पत्त्याचे नाही. सेल्स, इन्फो, अकाउंट्स, डिस्पॅच, एचआर असे पाच पत्ते हवेत म्हणून पाच मेलबॉक्स घ्यायचे नसतात. एका मेलबॉक्सला चार टोपणपत्ते जोडता येतात, त्यांना अलायस म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. गूगलमध्ये एका माणसाला असे तीस जोडता येतात. एकच पत्ता तिघांनी बघायचा असेल तर ग्रुप करा. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स मिळतो, ५० जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना धरा. ऑफिसात नऊ माणसं. त्यातली रोज मेल लिहिणारी कोण? मालक, एक्स्पोर्टचं बघणारा मुलगा, अकाउंटंट आणि डिस्पॅचचा माणूस, म्हणजे चार. बाकीचे टोपणपत्त्यांत बसतात. महिना माणशी ८० रुपयांनी चौघांचे वर्षाचे ३,८४० आणि जीएसटी धरून साधारण ४,५३० रुपये झाले. तेच नऊ जणांना २५० रुपयांचा प्लॅन घेतला तर २७,००० आणि जीएसटीसह ३१,८६०. साधारण सातपट, आणि काम तेच.

मालकांना मोठी जागा, बाकीच्यांना छोटी, असंही करता येतं. झोहो आणि मायक्रोसॉफ्टमध्ये एकाच डोमेनवर वेगवेगळे प्लॅन चालतात.

आमचे मेल पार्टीच्या स्पॅममध्ये जातात. काय करायचं?

बहुतेक वेळा कारण डोमेनच्या तीन नोंदींत असतं: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. एसपीएफमध्ये तुम्ही जगाला सांगता की माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी अमुक सर्व्हरना आहे. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्या सर्व्हरची सही. आणि डीमार्क सांगतो की या दोन्हींत न बसणारा मेल आला तर त्याचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने हे सक्तीचं केलं. साध्या पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, आणि जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल टाकणाऱ्याला तिन्ही.

तपासायला कोणाला पैसे द्यायची गरज नाही. धंद्याच्या पत्त्यावरून स्वतःच्या घरच्या जीमेलवर एक मेल पाठवा. कॉम्प्युटरवर तो उघडा, उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या तक्त्यात तिन्ही नावं एकाखाली एक येतात आणि प्रत्येकापुढे पास किंवा फेल. तिन्ही पास असतील तर दोष मजकुरात किंवा पाठवायच्या सवयीत आहे. एखादं फेल असेल, किंवा त्याचं नावच नसेल, तर त्या पानाचा फोटो काढून तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला पाठवा. 'मेल जात नाही' एवढ्या निरोपापेक्षा तो फोटो त्याला लाखमोलाचा.

सोलापुरात वारंवार सापडणारे घोळ दोनच. पहिला, डोमेनवर एसपीएफच्या दोन ओळी. जुन्या होस्टिंगची राहिली आणि नवीन सेवेची आली. नियमाने एकच ओळ चालते, दोन झाल्या की दोन्ही बाद. दोन्हींतले सर्व्हर एकाच ओळीत घालायचे, आणि त्या ओळीमुळे इतर डोमेनच्या नोंदी बघायला होणाऱ्या चौकशा दहाच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. दुसरा घोळ, टॅलीतून किंवा बिलिंग सॉफ्टवेअरमधून थेट जाणारी बिलं. ती कोणत्या सर्व्हरवरून जातात ते कोणी बघितलेलं नसतं. टॅलीच्या मेल सेटिंगमध्ये तुमच्या सेवेच्या मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा (एसएमटीपी) पत्ता, पोर्ट ५८७ किंवा ४६५ आणि त्यासाठी काढलेला वेगळा ॲप पासवर्ड घाला. रोजचा पासवर्ड तिथे टाकू नका.

डीमार्क सुरुवातीला नुसता 'बघत राहा' या सेटिंगवर ठेवा. महिनाभर अहवाल बघून, आपले सगळे मेल पास होताहेत याची खात्री झाली की कडक करा. पहिल्याच दिवशी 'नाकारा' लावलंत तर स्वतःचीच बिलं नाकारली जातील.

दिवाळीची ऑफर हजारभर दुकानदारांना पाठवायची आहे.

रोजच्या मेलबॉक्समधून नको. खातं बंद पडेल, आणि ते दिवाळीच्या तोंडावरच पडेल. अशा कामाला वेगळी सेवा घ्या. ब्रेवोच्या फुकट प्लॅनमध्ये दिवसाला ३०० मेल जातात, झोहोचं कॅम्पेन्स आहे, आणि जोडून देणारा माणूस असेल तर ॲमेझॉन एसईएसला हजार मेलमागे दहा सेंट पडतात. यादी मात्र तुमची स्वतःची हवी. 'महाराष्ट्रातील ५०,००० व्यापारी' अशी विकत मिळणारी सीडी घेऊन मेल मारणं म्हणजे डोमेनची अब्रू स्वतःच्या खर्चाने घालवणं.

'आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे नवीन खात्यात पाठवा' असा मेल पार्टीला गेला. आम्ही तो पाठवलाच नव्हता!

एक्स्पोर्ट करणाऱ्यांना याचा धोका सगळ्यात जास्त. हे दोन प्रकारांनी होतं. एकात तुमचा किंवा पार्टीचा पासवर्ड चोराच्या हाती लागलेला असतो. तो आठवडाभर शांतपणे मेल वाचतो. माल कधी निघाला, किती येणं आहे, तुम्ही खाली सही कशी करता, सगळं टिपतो आणि नेमक्या पेमेंटच्या दिवशी त्याच धाग्यात उत्तर टाकतो. दुसऱ्यात तो तुमच्यासारखंच दिसणारं डोमेन घेतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी ठेवले की मोबाइलच्या छोट्या अक्षरांत फरक दिसतच नाही.

दुसरा प्रकार डीमार्कने थांबत नाही, कारण चोराचं डोमेन त्याचं स्वतःचं असतं. तिथे उपयोगी पडते ती एकच शिस्त: खातं बदलल्याचा कोणताही मेल, कोणाचाही, आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करून खरा केल्याशिवाय मानायचा नाही. मेलात खाली दिलेल्या नंबरवर फोन करू नका, तो चोराचाच असणार. हा नियम तुमच्या प्रोफॉर्मावर ठळक छापा आणि पार्टीलाही पाळायला सांगा.

पहिल्या प्रकारासाठी प्रत्येक मेलबॉक्सला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. पासवर्ड चोरीला गेला असेल तर तो बदलाच, पण सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंगचे आणि फिल्टरचे नियमही बघा. मेलची एक प्रत स्वतःकडे वळवणारा नियम चोर हमखास लावून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्यावरही तो चालूच राहतो. पैसे गेले असतील तर क्षणाचाही वेळ न घालवता बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत खातं गोठवलं जाऊ शकतं.

आताचे जुने मेल नव्या सेवेत येतील का?

आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरच राहिलेले, असतील तर येतात. बहुतेक कंपन्या हलवायचं साधन देतात आणि इमॅपसिंक नावाचं उत्तम साधनही आहे. पण कितीतरी ऑफिसांत अकाउंटंटच्या पीसीवरचं आउटलुक पॉप३ वर चालू असतं. पॉपमध्ये मेल पीसीवर उतरतो आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरून पुसला जातो. म्हणजे आठ वर्षांचा पत्रव्यवहार टेबलाखालच्या एका हार्ड डिस्कवर. हलवाहलवीचा विचार बाजूला ठेवा, आधी आउटलुक मेल साठवतं त्या पीएसटी फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. मगच पुढचं बोलू.

दिवस निवडताना मार्चएंड आणि शाळा उघडायच्या आधीचा युनिफॉर्मचा हंगाम टाळा. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीचे दिवस चांगले. एमएक्स म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरवर यायचा ते सांगणारी डोमेनची नोंद. दोन दिवस आधी तिचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ती किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, कमी करून ठेवला की बदल लवकर पसरतो. जुनी सेवा मात्र लगेच बंद करू नका, पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवा.

मेल किती वर्षं जपायचे?

जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, कंपनी कायद्यात आठ वर्षं. बिलं, पीओ, ई-वे बिलाचे मेल त्याच हिशोबाने ठेवा. आणि सेवा क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे, असं समजू नका. चिडून नोकरी सोडणाऱ्याने सगळं पुसलं तर ठरावीक दिवसांनंतर कंपनीही ते परत आणून देत नाही. तीन महिन्यांतून एकदा पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.

लाइट किंवा नेट गेलं तर आलेले मेल बुडतात का?

तयार सेवा असेल तर तुमच्या लाइटचा आणि मेलचा संबंधच नाही. स्वतःचा सर्व्हर बंद पडला तरी पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

२५ एमबीची मर्यादा आहे, तरी २० एमबीची डिझाइन फाइल परत का येते?

जोडलेली फाइल मेलमधून जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते. अठरा एमबीच्या वर गेलात की लिंक पाठवा.

मराठीत मेल पत्ता मिळतो का?

मिळतो. डॉट भारत हे डोमेन देवनागरीत घेता येतं आणि असे पत्ते चालवणाऱ्या सेवाही आहेत. पाटीवर छान दिसतं. पण पुष्कळ सॉफ्टवेअर आणि ऑनलाइन फॉर्म असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत, त्यामुळे एकमेव पत्ता म्हणून नको. जोडीला ठेवा.

माणूस नोकरी सोडून गेला. त्याच्या मेलबॉक्सचं काय?

लगेच पुसू नका. त्याच दिवशी पासवर्ड बदला, सगळ्या मोबाइलवरून लॉगआउट करा आणि दोन टप्प्यांच्या लॉगिनमधला त्याचा नंबर काढा. जुने मेल त्याच्या जागी आलेल्याच्या खात्यात किंवा डिस्कवर उतरवून घ्या. मग तो मेलबॉक्स काढून टाका आणि त्याचा पत्ता नव्या माणसाला टोपणपत्ता म्हणून जोडा, म्हणजे जुन्या पार्ट्यांचे मेल येत राहतील आणि महिन्याचे पैसेही थांबतील. ॲडमिनचं लॉगिन त्याच्याकडेच असेल तर हे सगळं त्याला पगाराचा हिशोब देण्याच्या आधी करा.